आई कशाला हसली

"यशवंता, आधी बंद कर ते," मालूआत्या म्हणाली. "सकाळी बायकोच्या नावानं पिंड ठेवलेस आणि आता हे थेर?"

बाबांनी रिमोट मांडीखाली सरकवला. सत्तरीला टेकलेला, उभा जन्म कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून रेषा ओढण्यात घालवलेला माणूस. पण त्या क्षणी मास्तरांपासून चिंचा लपवणाऱ्या पोरासारखा दिसला. टीव्हीवर 'खिदळवाडी'चा जुना भाग चालला होता. लुगडं नेसलेला एक मिशाळ नट हातात लाटणं घेऊन दुसऱ्याला स्टेजभर पळवत होता आणि समोरचे प्रेक्षक खुर्च्यांतून पडायच्या बेतात होते.

मी ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले. आईचं वर्षश्राद्ध होतं. गुरुजी गेले होते, शेजारपाजारचे जेवून गेले होते, खिरीचं पातेलं तेवढं घासायचं राहिलं होतं. अंबरनाथच्या त्या दोन खोल्यांत आता आम्ही तिघंच उरलो होतो. बाबा, पेणहून आलेली त्यांची थोरली बहीण मालूआत्या आणि पुण्याहून आलेली मी.

"स्वरू, तू तरी सांग गं याला," आत्या मला म्हणाली. "लोक काय म्हणतील? वर्ष झालं आणि टिपणिसांच्या घरात दात काढायला सुरुवात झाली, असंच ना?"

मला आत्याचं म्हणणं पटत होतं. खरं तर श्राद्धाचा दिवस सोडाच, बाबांनी आपल्या हातानं 'खिदळवाडी' लावणं हेच मुळात आक्रित होतं. आणि ते दात तर मुळीच काढत नव्हते. खुर्चीच्या कडेला पुढं सरकून बसले होते, मोतीबिंदूच्या डॉक्टरसारखे पडद्यात डोळे घालून.

हे आक्रित का, ते कळायला आमच्या घरातलं जुनं भांडण माहीत असायला हवं. आता बाबांना जाऊनही सहा वर्षं झाली, तेव्हा सांगायला हरकत नाही.

बाबांना त्यांच्या कंपनीनं तरुणपणी आठ महिने इंग्लंडला, लीड्सला, पाठवलं होतं. तिथून लोक स्वेटर आणतात, चॉकलेटं आणतात. बाबा एक आवड घेऊन आले. ज्या म्हातारीकडे ते खोली घेऊन राहत, ती दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर एक विनोदी मालिका बघायची आणि पाहुण्यालाही बसवायची. दोन म्हातारे भाऊ, त्यांचं छत्र्या दुरुस्त करायचं दुकान. दोघांचं बोलणं बंद. जे काही बोलायचं ते गिऱ्हाइकामार्फत. थोरला गिऱ्हाइकाला म्हणतो, "माझ्या भावाला सांगा, बाहेर पाऊस पडतोय." गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, ते खिडकीपाशीच उभे आहेत." थोरला म्हणतो, "म्हणूनच सांगा. स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा कधीच विश्वास नव्हता." बस्स. मागं कुणी हसत नाही, वाजंत्री वाजत नाहीत. धाकटा भाऊ खिडकीतून बघत राहतो आणि तिथं भाग संपतो.

पुढं चुलतभावानं परदेशातून त्या मालिकेच्या सीडींचा संच आणून दिला आणि बाबांचं भाग्य उजळलं. कामावरून आले, चहा झाला, की छत्रीवाले भाऊ सुरू. बाबा स्वतः कधी हसत नसत. एखादं वाक्य फार आवडलं तर चष्मा उचलून कपाळावर ठेवायचे, क्षणभर छताकडं बघायचे आणि अगदी हलक्या आवाजात म्हणायचे, "चांगलंय." झालं. यापलीकडं कौतुक नाही. मी बोर्डात आले तेव्हाही तेवढंच झालं होतं.

आईचं सगळं उलटं. हेमलता टिपणीस म्हणजे हसण्याचं कोठारच. कुणी घसरलं, कुणी शिंकलं, कुणाची पिशवी फाटून बटाटे जिन्यावरून घरंगळत गेले, की तिला हसू आवरायचं नाही. बटाटे गोळा करायला तीच आधी धावायची, पण हसत हसत. 'खिदळवाडी' सुरू झालं तेव्हा तर तिला हक्काचं माहेर मिळाल्यासारखं झालं.

बाबांनी तिला छत्रीवाले भाऊ समजावून द्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. वाक्य थांबवून थांबवून मराठीत सांगायचे. आई मन लावून ऐकायची आणि विचारायची, "मग यात हसायचं कुठं?"

"हसायचं नसतं. समजायचं असतं."

"पण अहो, ते सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत का नाहीत?"

"तोच तर विनोद आहे."

"यात कसला आलाय विनोद? ही तर रडायची गोष्ट," आई म्हणायची. "त्या दोघांना जेवायला कोण घालतं हो?"

बाबा कपाळाला हात लावायचे. आईची आणि त्यांची जात, पत्रिका सगळं जुळलं होतं, हसणं तेवढं बघायचं राहिलं होतं.

एवढंच असतं तर ती घरोघरची मातीची चूल म्हणून सोडून दिलं असतं. पण मी चौथीत असताना एक गोष्ट घडली. बाबांच्या साहेबांकडं आम्ही जेवायला गेलो होतो. टीव्हीवर कुठलीशी नक्कल चालली होती आणि आई तिच्या नेहमीच्या पद्धतीनं, तोंड उघडून, मांडीवर थाप मारून हसली. साहेबांच्या बाईंनी नुसतं वळून बघितलं. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "जरा हळू. खिंकाळल्यासारखं काय हसतेस?"

आई एकदम गप्प झाली. घरी येताना रिक्षात ती नेहमीसारखी बोलत होती, मला वाटलं विसरली. पण त्यानंतर बाबा समोर असताना ती जेव्हा जेव्हा हसली, तेव्हा तेव्हा तिचा पदर तोंडावर होता. पुढं पुढं पदर नसला तर हात जायचा. आणि मग ती सवयच होऊन बसली, बाबा नसतानाही.

उरलेलं हसू तिनं स्वयंपाकघरात नेलं. बाहेर बाबांचे भाऊ सुरू झाले की आई मला हाक मारायची, दार लोटून घ्यायची आणि आम्ही दोघी ओट्यापाशी उभं राहून पोट दुखेस्तोवर खिदळायचो. तेव्हाही तोंडावर पदर असायचाच म्हणा. मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, लग्न होऊन माहेरपणाला येऊ लागले, तरी तो कार्यक्रम चुकला नाही. चहा घेऊन बाहेर यावं, तर पडद्यावर दोघं भाऊ नुसती तोंडं हलवत असायचे आणि बाबा सरळ बसलेले. आईला वाटायचं, इंग्रजांचा विनोदच मुळी मुका.

आई गेली ती दीड महिन्याच्या आजारपणात. त्यानंतर बाबा छत्रीवाल्या भावांकडं फिरकले नाहीत. शेजारच्या वर्तककाकूंनी मला फोनवर सांगितलं, "अगं, तुझे बाबा हल्ली दुपार-संध्याकाळ 'खिदळवाडी' बघतात. आवाज भिंतीतून येतो." मला वाटलं, एकटेपणा. मग बाबांचेच फोन येऊ लागले. एरवी हवापाण्यापलीकडं न जाणारे बाबा विचारायचे, "तू आणि हेमा, दोघी 'खिदळवाडी'च्या शूटिंगला गेला होता ना? त्या दिवशी स्टेजवर कोण कोण होतं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत होते. त्या दिवसाबद्दल बाबांशी बोलायचं म्हणजे विषाची परीक्षा, आणि ती मला घ्यायची नव्हती.

"बंद करतोस की मी उठू?" आत्या म्हणाली.

"थांब अक्का," बाबा म्हणाले. "आता येईल."

"कोण येईल?"

पडद्यावर लुगडंवाला नट पाटावरून घसरून पडला. प्रेक्षकांत हास्याचा लोट उठला. कॅमेरा फिरला आणि आई दिसली.

अबोली रंगाची साडी. केसांत वर्तककाकूंनी माळलेला गजरा. तोंड पूर्ण उघडं, मान मागं गेलेली, डोळ्यांच्या कडांना पाणी. पदर खांद्यावर जिथल्या तिथं, दोन्ही हात मांडीवर. अशी ती हसत होती. तीन-चार सेकंद असेल. मग पुन्हा स्टेज आलं.

आत्या उठायला निघाली होती ती तशीच खाली बसली. तिनं टीव्हीला हात जोडले. "हेमा," म्हणाली आणि रडायला लागली. "अरे, ही तर चांगली हसतेय रे यशवंता."

बाबांनी टीव्ही बंद केला. त्यांना हवं ते मिळालं होतं.

"निदान आठ-नऊ भागांत लावलंय त्यांनी हे," बाबा म्हणाले. बोलायचे ते नकाशा वाचल्यासारखं, एकेक रेष दाखवत. "एकदा सासू विहिरीत पडते तेव्हा. एकदा मास्तरची पँट फाटते तेव्हा. आज तो पाटावरून पडला तेव्हा. साडी तीच, गजरा तोच, मान तेवढीच मागं. म्हणजे हसू एकच आहे. बाकीच्या ठिकाणी उचलून डकवलंय. मूळ विनोद कुठला, तो मला सापडत नाही."

"सापडून करायचंय काय?" आत्यानं डोळे पुसत विचारलं. "गेली ती. आता तिला कोणी हसवलं याचा पंचनामा कशाला?"

बाबांनी रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मी नाही हसवलं म्हणून."

मी दाराच्या चौकटीला टेकले.

"छत्तीस वर्षं संसार केला अक्का. असं हसताना मी तिला बघितलंच नाही. म्हणजे अगदी सुरुवातीला बघितलं असेन, पण ते आता डोळ्यांसमोर येत नाही. पदरच येतो. कुणीतरी तिला असं हसवलं. कुठल्या वाक्याला, कुठल्या माकडचेष्टेला, एवढंच बघायचंय. मला तो विनोद कळला नाही तरी चालेल. पण कुठला ते कळू दे."

मी सासरी, माहेरी अनेकांना रडताना बघितलंय. पण कोरड्या डोळ्यांनी एवढं दुःख सांगणारा माणूस बघितला नव्हता. मला भीती वाटली. कारण त्यांना हवं असलेलं उत्तर माझ्याकडं होतं. आणि ते त्यांना आवडेल असं नव्हतं.

"स्वरू, तू शेजारीच होतीस," बाबा म्हणाले.

"हो."

"मग?"

"विहिरीचा असेल," मी म्हटलं. "सासू विहिरीत पडते तो. आई फार हसली होती त्याला."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. "सासूचं काम करणारा नट गेल्या दिवाळीपासून आला. तुम्ही शूटिंगला गेलात तेव्हा तो 'खिदळवाडी'त नव्हताच."

नकाशात पाव इंचाची चूक पकडणारे ते डोळे. त्यांच्यापुढं थाप मारायला मीच वेडी.

"आणि दुसरं," बाबा म्हणाले. "तिच्या डाव्या हाताला तू बसली आहेस. तू दिसत नाहीस, तुझं फक्त कोपर दिसतं. ते वर आहे. असं." त्यांनी स्वतःचं कोपर खांद्याच्या रेषेत उचलून दाखवलं. "सगळे टाळ्या वाजवतायत, तुझं कोपर वर. काय करत होतीस तू?"

आत्या एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. "सांग बाई काय ते," ती म्हणाली. "श्राद्धाच्या दिवशी बापाला झुरवू नकोस."

मी पदराला हात पुसले आणि त्यांच्यासमोर खाली बसले.

"बाबा, विनोद नव्हताच," मी म्हटलं. "स्टेज रिकामं होतं."

"रिकामं?" बाबा म्हणाले.

मग मी सांगितलं. वर्तककाकूंच्या भिशी मंडळाला त्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं होतं. बस येणार, नेणार, नाश्त्याचा डबा देणार, आणून सोडणार. बाबा तेव्हा म्हणाले होते, "डबा देऊन हसायला नेतात? आमच्या काळी लोक घरच्या घरी फुकट हसायचे." मी माहेरी आले होते, म्हणून आईबरोबर गेले. तिथं स्टुडिओत थंडी अशी, की बायकांनी पदर लपेटून घेतले. कानाला हेडफोन लावलेला एक मुलगा आला आणि म्हणाला, "मंडळी, विनोद नंतर. आधी नुसतं हसून घेऊ. नंतर जिथं लागेल तिथं लावता येतं."

"आधी हसू?" आत्यानं विचारलं. "विनोदाच्या आधी?"

"हो. सगळ्यांचे चेहरे टिपून ठेवतात. तो 'हसा' म्हणाला आणि समोर काही नसताना अख्खं भिशी मंडळ हसायला लागलं. वर्तककाकू तर काय विचारू नका. पण आईला जमेना."

"का?" बाबांनी विचारलं.

"पदर. कॅमेरा आला की तिचा पदर तोंडावर जायचा. तो मुलगा म्हणाला, मावशी, तोंड झाकू नका. तिनं पदर खाली केला, तर हात वर गेला. त्यानं पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. शेवटी तो दुसऱ्याला म्हणाला, या मावशींना मागच्या रांगेत न्या."

बाबांनी खुर्चीचा हात धरला.

"आईचा चेहरा पडला. किती दिवसांपासून ती त्या दिवसाची वाट बघत होती, तुम्हाला माहीत आहे. नवीन साडी काढली होती. मला हळूच म्हणाली, 'मला नाही जमत गं आता.' मला राहवलं नाही. मागं कुणी नेण्याच्या आत मी…"

"तू काय?"

"मी तुमची नक्कल केली."

खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद केला.

"म्हणजे आमची स्वयंपाकघरातली," मी म्हटलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "आई करायची. दार लोटून. तुम्ही छत्रीवाले भाऊ बघताना कसे बसता, कसा चष्मा वर करता. ती हुबेहूब करायची. मी तिच्याकडूनच शिकले. त्या दिवशी मी माझा चष्मा वर केला, म्हणून कोपर वर आहे. आणि आई फुटलीच. पदर नाही, हात नाही, काही आठवलंच नाही तिला. तो मुलगा कॅमेरावाल्याला ओरडून सांगत होता, या मावशींना सोडू नकोस, या मावशींना सोडू नकोस."

"म्हणजे ती मला हसत होती," बाबा म्हणाले.

"हो."

"एवढं?"

"एवढं."

आत्यानं माझा हात दाबला. पुरे, अशा अर्थानं. मीही मनातल्या मनात स्वतःला दूषणं देत होते. वर्षभर माणूस एक गोष्ट शोधतोय आणि आपण त्याला काय दिलं, तर बायकोनं पाठीमागं केलेली टिंगल. तीही तिच्या श्राद्धाला.

बाबांनी विचारलं, "ती पदर का लावायची, ते तुला माहीत आहे?"

"साहेबांच्या घरी," मी म्हटलं. "मी होते तिथं. तुम्हाला आठवतंय?"

"त्याच दिवशी कळलं होतं. घरी आल्यावर तिला म्हणायला गेलो, की माझं चुकलं. ती भांडी लावत होती, कसलीशी गाणी गुणगुणत. वाटलं, विसरली असेल, आपण कशाला उकरा? मग राहून गेलं." ते थांबले. "राहूनच गेलं."

आत्या उठून पाणी घेऊन आली. बाबांनी भांडं हातात घेतलं, प्यायले नाहीत. मला म्हणाले, "करून दाखव."

"काय?"

"तेच. नक्कल."

"यशवंता, आज?" आत्या म्हणाली.

"आजच."

मला नको नको झालं. पण बाबांनी भांडं खाली ठेवलं होतं आणि ते पुढं सरकून बसले होते. मी उठले. समोरच्या खुर्चीत बसले, आईच्या. पाठ ताठ केली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, बोटं सरळ, जसे ते ठेवत. मुकी मालिका बघावी तसं समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. मग, आई करायची तसंच, आधी नाकपुड्या किंचित फुगवल्या, कारण बाबांना हसू आलं की फक्त तिथंपर्यंत यायचं. चष्मा उचलून कपाळावर ठेवला. छताकडं बघितलं. पंख्याला विचारून मग ठरवल्यासारखं थांबले आणि म्हटलं, "चांगलंय."

बाबांनी सगळं नीट बघितलं. छत्रीवाले भाऊ बघायचे तसं, पापणी न हलवता. त्यांच्या नाकपुड्या किंचित फुगल्या. त्यांनी चष्मा उचलून कपाळावर ठेवला, छताकडं बघितलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"चांगलंय."

आत्यानं "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावला आणि तिला असं काही हसू फुटलं, की तिला धड श्वास घेता येईना. मग ती रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही. मीही तशीच होते.

बाबा हसले नाहीत. त्यांनी कपाळावर हात नेला, तिथं चष्मा सापडला तसं ते जरा चपापले. तो काढून हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"हे मी रोज करायचो?"

"रोज."

"ती याहून चांगलं करत असेल."

"खूपच चांगलं, बाबा. माझं काहीच नाही. तिच्यात तर तुमचा तो डावा खांदासुद्धा यायचा."

त्यांनी आपल्या डाव्या खांद्याकडं बघितलं. संध्याकाळ झाली होती, आत्यानं डोळे पुसून देवापाशी दिवा लावायला घेतला. मी स्वयंपाकघराकडं वळले, पातेलं अजून तसंच होतं. तेवढ्यात बाबा मागून म्हणाले, "तुम्ही दोघी आत हसायचात, ते मला ऐकू यायचं."

मी थांबले.

"दार तुम्ही लावायचात, पण हसू कुठं दाराला थांबतंय? मला वाटायचं, उठावं, जावं आत, विचारावं काय झालं. एकदा-दोनदा उठलोसुद्धा. पण मी दारात आलो की तुम्ही गप्प व्हायचात. तिचा पदर वर जायचा. मग उठायचं सोडून दिलं. इथंच बसून ऐकायचो."

"आणि तुमचे ते भाऊ?" मी विचारलं.

"ते असायचे चालू," बाबा म्हणाले. "त्यांचा आवाज बंद करून ठेवायचो मी."